रात्रीचं उठणं

जानेफळला आमची पिठाची गिरणी आहे. नवरा चक्कीचं बघतो, मी दळण मोजून घेते आणि पीठ भरून देते. दिवस उभ्यानंच जातो. पन्नाशी ओलांडली आणि मला रात्री लघवीला उठावं लागायला लागलं. आधी एकदा, मग दोनदा, पुढं मोजणंच सोडलं. आमचा संडास अंगणाच्या कडेला. दरवेळी नवऱ्याच्या पायथ्याशी वळसा घालून, दाराची कडी काढून जायचं. त्याची झोप सावध. तो कूस बदलायचा आणि मला अपराध्यासारखं व्हायचं. शेवटी पाठ दुखते असं सांगून मी माझी खाट ओसरीत हलवली.

त्यानंतर नवरा कमी बोलू लागला. मला वाटलं, थकला असेल. मी माझ्याच भीतीत होते. माझी आई अशीच रात्री उठायची, आणि पुढं साखरेनं तिच्या किडन्या गेल्या. म्हणून दवाखान्याचं नावच नको वाटायचं. काही दिवस पाणी कमी करून पाहिलं, तर लघवीला जळजळ सुरू झाली. उठणं काही थांबलं नाही.

सून नवीनच आलेली. एका दुपारी हरभरा निवडताना तिनं खाली मान घालून विचारलं, "आई, तुमचं अन् बाबाचं भांडण झालं काय? तुम्ही बाहेर काऊन झोपून राह्यल्या?"

मी हसण्यावारी नेणार होते, पण ती खरोखर घाबरली होती. आपण आलो आणि घरात काहीतरी बिनसलं, असं तिनं मनाशी धरलं होतं. मग मी तिला सगळं सांगितलं. तिच्या काकूलाही हाच त्रास होता म्हणाली, आणि दवाखान्यात जाऊन आल्यावर कमी झाला. बाबांना सांगा, एवढाच तिचा हट्ट. संध्याकाळी आमच्या दोघांपुढं चहा ठेवून ती मुद्दाम शेजारी निघून गेली.

मी सांगितलं. नवऱ्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मले वाटलं, तुले मी नकोसा झालो."

इतक्या वर्षांच्या संसारात मला त्याची एवढी कीव कधी आली नव्हती. खाट त्याच रात्री आत आली.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोटारसायकलवर मेहकरला गेलो. डॉक्टरीणबाईंनी उपाशीपोटी रक्त घेतलं, लघवी तपासायला दिली, सोनोग्राफी केली. दुपारपर्यंत मी बाकावर बसून होते. आत बोलावलं तेव्हा त्या आधी हेच म्हणाल्या, "तुम्हाला साखर नाही. किडन्याही चांगल्या आहेत." मी तिथंच पदर डोळ्याला लावला.

लघवीत जंतू होते, त्याचं औषध मिळालं. मग त्यांनी दिवस कसा जातो ते विचारलं. गिरणीत पाणी पिते का? मी नाही म्हणाले. तिथं जायला जागा नाही, म्हणून दिवसभर कोरडीच राहायचे आणि घरी आल्यावर तांब्यावर तांब्या रिकामा करायचे. शिवाय झोपण्याआधी चहा. उभं राहून पाय सुजायचे. आडवं झालं की तेही पाणी लघवीवाटे उतरतं, हे मला तेव्हा कळलं. बऱ्याच वर्षांपासून चालू असलेल्या बीपीच्या गोळीत लघवी होण्याचं औषध होतं आणि ती मी रात्री घ्यायचे. बाईंनी ती सकाळी घ्यायला सांगितली. पाणी दिवसा प्यायचं, सांजेनंतर थोडं. दुपारी घटकाभर पाय उंचावर ठेवून पडायचं. लघवी रोखताना आवळतो ते स्नायू बसल्याजागी आवळून सोडायचा व्यायामही त्यांनी समजावून दिला.

नवरा शेजारीच बसून ऐकत होता. परतताना तो फक्त एवढंच म्हणाला, "गिरणीत जागा नाही, हे माह्या ध्यानातच नाही आलं कधी."

दिवाळीच्या आधी त्यानं गिरणीमागं संडास बांधून घेतला. पक्क्या भिंती, वर टिनपत्रा, आतून नीट लागणारी कडी.

आता मी रात्री एखाद्या वेळी उठते, कधी तर थेट उजाडल्यावरच जाग येते. दळण घेऊन येणाऱ्या बायका पिठाचा डबा भरेपर्यंत हळूच विचारतात, "मांगं जाऊन येऊ काय?" मी "हाव, जा" म्हणते, आणि परतल्यावर त्यांना माठातलं पाणीही प्यायला लावते.