वडिलांनासुद्धा सांगणार नाही

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. माळ्यावर रिकामे डबे साठतात तसे ते साठतात. टाकवत नाहीत, आणि घरी पाहुणा आला की एखादा हमखास डोक्यावर पडतो! जयपूरला बनी पार्कमधल्या ज्या ऑफिसात मी काही वर्षं नोकरी केली, तिथले माझ्याकडे इतके साठलेत की नवरा म्हणतो, "त्यांच्यासाठी वेगळं कपाट घे आता."

ऑफिस म्हणजे एका जुन्या बंगल्याचा वरचा मजला. दोन हजार सात-आठचा काळ. इंटरनेटवरून स्पर्धा परीक्षांची तयारी करून घ्यायची, अशी आमची साइट. माणसं तीन. मालक पाटणकर सर. विमा कंपनीतल्या बदलीने जयपूरला आले, मुदतीआधी निवृत्त झाले आणि पुण्याला परत जायचं सोडून हा उद्योग काढून बसले. प्रोग्रॅमर मनीष, पक्का जयपुरी. आणि फोन घ्यायला मी, जयपूरच्याच खातीपुऱ्याची, रेल्वेवाल्यांची मुलगी. सगळ्यांची नावं बदलली आहेत बरं का! त्या ऑफिसात सवयच तशी लागली.

*

साइट सुरू झाली तेव्हा सरांनी कुठेतरी वाचलं की प्रत्येक साइटवर प्रायव्हसी पॉलिसी असावी लागते. मनीषला सांगितलं. मनीषने चहा संपायच्या आत लावून दिली.

सर चष्मा लावून अख्खी वाचायला बसले. बहुधा जगात ती शेवटपर्यंत वाचणारे ते पहिलेच. वाचता वाचता थबकले.

"मनीष, यहाँ लिखा है कि जानकारी हम अपनी सहयोगी कंपनियों को दे सकते हैं. हमारी सहयोगी कंपनी कौन सी है?"

मनीषने ती एका परदेशी साइटवरून जशीच्या तशी उचललेली. तो जरा विचार करून म्हणाला, "सर, नीचे मकान-मालिक की आटा चक्की है."

सरांनी ते सगळं काढून टाकलं आणि स्वतः हिंदीत दोन ओळी लिहिल्या. 'आपका नाम, फोन और मार्क्स हम किसी को नहीं बताएँगे. आपके पिताजी को भी नहीं.'

दुसऱ्याच दिवशी फोन. पलीकडून एक दमदार आवाज. "ये पिताजी वाली लाइन किसने लिखी है?"

मी घाबरून सरांकडे फोन दिला. सर शांतपणे म्हणाले, "मैंने. मैं भी पिताजी हूँ."

त्या ओळीनंतर आमच्याकडे मुलींची नोंदणी वाढली, हे मात्र खरं.

*

सरांना कुकी समजावून सांगणं हा मनीषचा एक मोठा पराक्रम. तो फळ्यावर चौकोन काढायचा, बाण काढायचा, आणि सर म्हणायचे, "हो, पण ती असते कुठे?"

शेवटी सरांनीच वाट काढली. "म्हणजे धोबी आपल्या कॉलरच्या आत काळ्या शाईने खूण करतो, तसं? आपली साइट विद्यार्थ्याच्या कॉम्प्युटरवर खूण करते. पुन्हा तो आला की खूण बघून ओळखते."

मनीषने डस्टर खाली ठेवलं. "बस, सर! वही."

सर खूश. तेव्हापासून ऑफिसात कुकीला 'निशान' हाच शब्द. पण सर तेवढ्यावर थांबतात थोडेच! संध्याकाळी निघताना दारातून वळून म्हणाले, "धोब्याचं एक बरं असतं हं. तो शर्ट ओळखतो. शर्ट घालून माणूस कुठे जातो, ते बघत नाही. आपणही एवढंच करायचं."

मनीषने त्या दिवशी साइटमधून काय काय काढलं कोण जाणे, पण बराच वेळ तो खाली मान घालून काढत होता.

*

एकदा मनीष चिंतेत. जयपूरजवळच्या चौमूंची एक विद्यार्थिनी, तिला आपण सरला म्हणू, शिक्षक भरतीची तयारी करत होती. सकाळी गणितात पैकीच्या पैकी, दुपारी त्याच गणितात भोपळा, संध्याकाळी भूगोलात पहिली. "या तो जीनियस है, या बीमार."

भानगड अशी होती की सरला अभ्यास करायची सायबर कॅफेत. प्लायवूडच्या खोपटात बसून. आमच्या साइटवर 'मला लक्षात ठेवा' या चौकोनात आधीच टिक केलेली असायची. ती उठून गेली तरी निशान तिथेच. तिच्यानंतर जो बसेल त्याला साइट हात जोडून म्हणायची, 'नमस्ते सरला जी, चौमूं!' आणि तोही बिनदिक्कत सरला होऊन पेपर सोडवायचा. अर्धं चौमूं तिच्या नावावर शिकत होतं!

आम्ही हसून हसून बेजार. तेवढ्यात तिचाच फोन आला, एसटीडी बूथवरून, दबक्या आवाजात.

"मैडम, स्क्रीन पर मेरा नाम आता है. हटा दो. घर में सबको बोला है सिलाई सीखने जाती हूँ. मेरे ये भी उसी कैफे में क्रिकेट का स्कोर देखने आते हैं. इन्होंने साफ मना किया है. किसी ने पढ़ लिया तो पढ़ाई बंद."

माझं हसू तिथल्या तिथे विरलं. आम्हाला गंमत वाटत होती आणि तिकडे तिची सगळी आशा त्या एका ओळीत लटकत होती. मी सरांना सांगितलं. सर मनीषला कधी ओरडले नव्हते, त्या दिवशी ओरडले. ती टिक निघाली. नाव निघालं, गाव निघालं. उरलं नुसतं 'नमस्ते'.

*

मग साइटवरून बाहेर पडायचं, म्हणजे लॉगआउटचं, बटण. सर म्हणाले, ते इतकं मोठं करा की आंधळ्यालाही दिसलं पाहिजे. मनीषने लालभडक बटण केलं, भाकरीएवढं.

एकही माणूस ते दाबेना! सगळ्यांचं पान उघडंच राहायचं. चार दिवसांनी चौमूंच्या कॅफेवाल्याचाच फोन. "भाईसाहब, वो लाल बटन हटाओ. बच्चे डरते हैं. सोचते हैं दबाया तो मशीन फुँक जाएगी, और मैं पैसे माँगने उनके घर पहुँच जाऊँगा!"

मनीषने ते हिरवं केलं आणि त्यावर लिहिलं, 'हो गया, अब चलूँ'. लोक इतके खूश की काही जण पेपर अर्धा टाकून दाबायला लागले.

*

पासवर्ड विसरला तर गुप्त प्रश्न विचारायचा, ही तेव्हाची पद्धत. आमचा प्रश्न होता, आईचं माहेरचं आडनाव काय? ही पद्धत काढणाऱ्याने एकत्र कुटुंब पाहिलेलं नसणार. एका भावाने फोन करून बहिणीचा पासवर्ड मागितला आणि आईचं आडनावच काय, मामाचं गाव, आजोळच्या म्हशीचं नाव, सगळं न विचारता सांगितलं!

सर म्हणाले, "ज्याचा प्रश्न त्यानेच ठरवू दे."

झालं! जयपूरचेच एक निवृत्त काका, हौस म्हणून इंग्रजी शिकत होते. त्यांनी स्वतःचा प्रश्न ठेवला, 'मैं इस समय क्या सोच रहा हूँ?' आणि महिन्याभराने पासवर्ड विसरले.

"काकाजी, आप उस समय क्या सोच रहे थे?"

काकांनी घसा खाकरला. मग म्हणाले, "बेटा, अब क्या बताऊँ. बहुत कुछ सोच रहा था."

ते खातं शेवटपर्यंत उघडलं नाही. सर म्हणाले, "याला म्हणतात सिक्युरिटी!"

*

आमच्या आईला ही प्रायव्हसी अजिबात मान्य नव्हती. आम्ही नागपूरकडचे. खालच्या क्वार्टरमधल्या मेश्रामकाकांचा संदीप आमच्याकडे परीक्षा द्यायचा, आणि आईला त्याचे मार्क हवे होते.

"नाही सांगता येत, आई."

"काऊन? आईपासून कायची प्रायव्हसी व?"

"त्याच्या वडिलांनाही आम्ही सांगत नाही."

"मंग बरोबर आहे. बापाले नाही सांगत, म्हणून तर मले सांग!"

दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने थेट सरांना फोन लावला. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, उद्या मेश्रामवहिनींनी तुमच्या मुलीबद्दल मला विचारलं, तर सांगू का?"

आईने फोन ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "माणूस चांगला आहे तुझा साहेब. पण तुझ्याबद्दल सांगण्यासारखं आहे काय, ते आधी सांग!"

*

एका कोचिंग क्लासचा माणूस मिठाईचा मोठा डबा घेऊन आला. त्याला आमच्या सगळ्या विद्यार्थ्यांचे फोन नंबर हवे होते. "सब देते हैं, सर. इसमें क्या है!"

सरांनी त्याला बसवलं, चहा मागवला, वही पुढे ओढली. "जरूर. पहले आप अपने घर के नंबर लिखवाइए. भाभीजी का, बिटिया का."

तो एकदम ताठ झाला. "वो कैसे दे दूँ? आप क्या करेंगे उनका?"

सरांनी वही मिटली. त्याने चहा संपवला आणि डबा उचलून गेला. मनीष आठवडाभर हळहळत होता. "सर, नंबर नहीं देते, पर मिठाई तो रख लेते!"

*

आणि मग तो मार्चमधला दिवस.

सकाळी सरलाचा फोन आला. रडत होती. आदल्या दिवशी घाईत हिरवं बटण दाबायचं राहिलं, ती उठली, आणि त्या मशीनवर तिच्या नवऱ्याचा मित्र बसला. पानावर नाव नव्हतं, पण शिक्षक भरतीचा अर्धा पेपर उघडा होता, आणि त्या खोपटातून तिला बाहेर पडताना त्याने पाहिलं होतं. रात्री घरात चौकशी झाली. तिने सपशेल नाही म्हटलं. परीक्षा अगदी तोंडावर आलेली.

"मैडम, कोई पूछने आ जाए तो?"

मी सरांकडे पाहिलं. सरांनी फोन हातात घेतला. "बेटा, तू पढ़. आने दे जिसको आना है."

दुपारी जिन्यावर जोड्यांची करकर ऐकू आली. पांढरं धोतर, डोक्याला लाल साफा, हातात काठी. चौमूंच्या बसमधून उतरून थेट आलेले, अंगावर धूळ होती. खुर्चीवर टेकायच्या आधीच त्यांनी सरलाचं पूर्ण नाव घेतलं, नवऱ्याचं नाव घेतलं आणि म्हणाले, "म्हारी बहू है. आपके यहाँ पढ़ती है क्या?"

मनीष स्क्रीनच्या मागे जवळजवळ लपलाच.

सर म्हणाले, "बाबूजी, हम किसी का नाम नहीं बताते. है भी नहीं कहते, नहीं है भी नहीं कहते."

"मैं ससुर हूँ."

"हम पिताजी को भी नहीं बताते."

म्हातारबाबांनी काठी दोन्ही हातांत धरली. म्हणाले, घरची अब्रू आहे. सर म्हणाले, म्हणूनच नाही सांगत. म्हणाले, मी पोलिसात जाईन. सर म्हणाले, पाणी घ्या आधी, ऊन फार आहे. म्हातारबाबा पाणी प्यायले. पुन्हा विचारलं. सरांनी पुन्हा तेच सांगितलं. सरांच्या चेहऱ्यावर जरा जरी काही दिसलं असतं, तरी तिकडे त्या पोरीचा अभ्यास संपला असता.

"मतलब कोई भी आए, नहीं बताओगे?"

"कोई भी आए."

"उसका आदमी आए, चिल्लाए, तो भी?"

"तो भी."

म्हातारबाबांनी रिकामा ग्लास खाली ठेवला. मग उठले, धोतर झटकलं. आम्हाला वाटलं, निघाले. पण ते काठी टेकत टेकत मनीषच्या टेबलापाशी गेले, त्याच्या कॉम्प्युटरकडे वाकून पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाले,

"कल मेरा बेटा आएगा. उसको भी यही बोलना. बहू को पता नहीं कि मैं जानता हूँ. और बेटा, पढ़ के उठने के बाद इस मशीन में जो निशान रह जाता है ना, वो मिटाते कैसे हैं, मुझे सिखा दे. बहू हड़बड़ी में भूल जाती है."