भांगाची गाणी

जयादादा कोणाला विचारत नसे. सरळ इअरफोन पुढे धरायचा.

पालघरहून तारापूर एमआयडीसीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमधला माझा तो पहिलाच आठवडा. लॅबमध्ये नुकतीच लागले होते, कोणाशी धड ओळख नव्हती. शेजारी एक उंच, दाढीवाला माणूस येऊन बसला आणि ओळख ना पाळख, त्याने इअरफोनचं एक टोक माझ्यापुढे धरलं. ‘‘ऐका. मधी बोलू नका.’’

मी घाबरून ऐकलं. गिटार वाजत होती आणि तिच्या मागे कुठेतरी खोल कोणी गात होतं. बस उमरोळी सोडून पुढे गेली तरी गाणं संपेना. तो सगळा वेळ माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, ताप मोजणाऱ्या डॉक्टरसारखा. संपल्यावर म्हणाला, ‘‘बोला.’’

‘‘छान आहे,’’ मी म्हणाले.

त्याने इअरफोन काढून घेतला. ‘‘हवा छान. चाय छान. गान्याचं काय ते बोला.’’

तो उठून मागच्या सीटवर गेला आणि तिथल्या माणसाच्या कानात तेच गाणं घातलं. बाई असो, पुरुष असो, साहेब असो की कॅन्टीनवाला, त्याचा सगळ्यांना एकच न्याय होता.

जयादादा म्हणजे जयेंद्र. सातपाटीचा, तांडेलाचा मुलगा. वडिलांनी उभं आयुष्य बोटीवर काढलं, खलाशी त्यांच्या हुकमात होते. मुलगा आयटीआय करून आमच्या कारखान्यात प्रेशर गेज आणि व्हॉल्व्ह दुरुस्त करायला लागला. पण पालघरपासून डहाणूपर्यंत त्याला कोणी त्या कामामुळे ओळखत नव्हतं. ‘खाजण’ नावाच्या रॉक बँडचा तो गिटारवाला आणि गायक होता आणि त्या बँडचं ‘बर्फ टाक’ हे गाणं आमच्याकडच्या प्रत्येक हळदीला वाजायचं. मुळात ते गाणं चिडून लिहिलेलं होतं. बोट बंदरात लागली आहे, मासळी उन्हात पडली आहे, बर्फ वेळेवर येत नाही आणि माणूस ओरडतो आहे, असं ते गाणं. लोकांनी त्यातला राग सोडून दिला आणि ठेका तेवढा उचलला. नवरदेवाच्या काकापासून शाळकरी पोरीपर्यंत सगळे ‘बर्फ टाक, बर्फ टाक’ करत हात वर करून नाचायचे.

‘‘मानूस बोंबलतोय आन् हे नाचतायत,’’ जयादादा म्हणायचा. ‘‘ह्यांना आग लागली म्हनून सांगितलं तरी टाळ्या वाजवतील.’’

म्हणून त्याने बँड सोडला आणि घराच्या माडीवर एकट्याने अल्बम केला. गिटार त्याची, शब्द त्याचे, गळा त्याचा. बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात त्या पावसाळी बंदीच्या महिन्यांत, खिडक्यांना गोधड्या लावून त्याने तो रेकॉर्ड केला. नाव ठेवलं ‘भांग’.

इथेच पहिला घोटाळा झाला. अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण येतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण अष्टमीच्या आसपास पाणी मंदावतं, भरती अर्धी आणि ओहोटीही अर्धी. त्या दिवसांना आमच्या किनाऱ्यावर भांग म्हणतात. पाण्याला ओढ नसली की जाळ्यात फारसं काही येत नाही, मग बोटी बसून राहतात आणि माणसं घरी. त्या घरी बसलेल्या दिवसांची ती गाणी होती. संथ, लांब, एकाच सुरावर रेंगाळणारी. पण सातपाटी-नवापूरच्या बाहेर हा शब्द कोणाला ठाऊक? बोईसरला होळीच्या दिवशी एका मंडळाने नाव बघून तो अल्बम थेट मोठ्या स्पीकरवर लावला. पहिल्या गाण्यात बराच वेळ नुसतं गिटारचं गुरगुरणं आहे. रंगाने माखलेली माणसं वाट बघत उभी राहिली, मग कोणीतरी पिन काढली. इंटरनेटवर त्याच्या अल्बमखाली पहिली प्रतिक्रिया पडली ती अशी: ‘भाई, भांग पिऊनच बनवलाय का?’

त्या प्रतिक्रिया तो रोज वाचायचा आणि आम्हाला वाचून दाखवायचा. ‘झोप येते.’ ‘आवाज वाढवा.’ ‘बर्फ टाक पार्ट टू कब आयेगा?’ बसमध्ये मागे बसणारे पॅकिंगचे रामआशिषभाई मात्र भला माणूस. त्यांनी बिचाऱ्यांनी अख्खं गाणं मान हलवत ऐकलं आणि विचारलं, ‘‘भैया, इसमें नाचना कहाँ पे है?’’

‘‘नाचना नहीं है,’’ जयादादा म्हणाला.

‘‘तो फिर बनाया काहे को?’’

जयादादाने इअरफोन गुंडाळला. मग मला म्हणाला, ‘‘निदान हा इचारतो तरी.’’

न ऐकता स्तुती करणाऱ्यांवर त्याचा जास्त राग. कोणी ‘भारी झालाय’ म्हणालं की तो लगेच विचारायचा, ‘‘तिसऱ्या गान्यात गिटार कुटं थांबते?’’ समोरचा गडबडला की, ‘‘मग भारी कसा?’’ हळूहळू लोक त्याला टाळू लागले. तो बसमध्ये चढला की निम्मे जण डोळे मिटून घ्यायचे. मीसुद्धा कधी कधी घ्यायचे. त्याच्या आग्रहाचा खरंच वैताग यायचा. माणसाने काही बनवावं आणि सोडून द्यावं, असं मला वाटायचं.

एकदा मुंबईच्या कोणा समीक्षकाने त्याच्यावर चार ओळी लिहिल्या. आम्ही सगळे खूश. कॅन्टीनमध्ये त्याला चहा पाजला. त्याने मोबाइल माझ्यापुढे आपटला. लिहिलं होतं, ‘कोळीवाड्याच्या मातीतला अस्सल सूर, मासळीचा गंध असलेलं संगीत.’

‘‘चांगलंच लिहिलंय की,’’ मी म्हणाले.

‘‘ह्याला गान्यातून मासळीचा वास आला? इंग्रजी कॅसेटी घासून घासून मी गिटार शिकलो. एक कोळीगीत नाय ह्यात. सातपाटी नाव वाचलं आन् नाक उघडलं, कान बंदच ठेवले त्यानं!’’ चहा त्याने तसाच ठेवला.

बँडचा ड्रमर नितीन त्याचा शाळेपासूनचा मित्र. तो बोईसरला मोबाइलचं दुकान चालवतो. जयादादाशिवाय बँडला कोणी बोलवत नव्हतं, म्हणून तो समजूत काढायला आमच्या गेटवर यायचा. ‘‘जया, अल्बम वाईट नाय रे. पण उचलत नाय. एकदा बँडबरोबर स्टेजवर घेऊ. मध्येच एक गाणं घुसवू तुझं.’’ जयादादा कसाबसा तयार झाला. पालघरला एका मोठ्या लग्नाच्या हळदीला त्यांनी मध्येच ‘भांग’मधलं एक गाणं सुरू केलं. मी तिथे पाहुणी होते. पहिलं कडवं संपायच्या आत मांडवातून ओरडा सुरू झाला, कोणता ते सांगायला नको. जयादादाने गिटारवर हात ठेवून आवाज बंद केला. मला वाटलं, खाली उतरणार. पण त्याने नितीनकडे बघितलं आणि लोकांना हवं होतं ते वाजवलं, सगळा मांडव दमून खाली बसेपर्यंत वाजवलं. सगळे नाचले. तो वाजवताना रडत होता की घामाने ओला झाला होता, मला सांगता येणार नाही.

त्या रविवारी मी दार लावून तो अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. दयेपोटीच ऐकायला बसले, हे खरं. पण चौथ्या-पाचव्या गाण्यापासून मी सरळ होऊन बसले. काहीतरी होतं त्यात. आणि काहीतरी मुद्दाम दडवलेलंही होतं. सोमवारी बसमध्ये मीच त्याच्या शेजारी जाऊन बसले.

‘‘जयादादा, तुमचा आवाज गिटारच्या मागे का ठेवलाय?’’

‘‘रॉकमधी तसाच ठेवतात.’’

‘‘सगळीकडे नाही ठेवलेला. बाकी गाण्यांत शब्द कळतात. जाळ्याच्या गाण्यात बापाचं नाव आलं की आवाज खाली जातो. दर वेळी. तुम्हाला ऐकवायचंय की लपवायचंय?’’

बोईसर नाक्यावर बस सिग्नलला थांबली तेव्हा तो उठला आणि उतरून गेला. कारखाना तिथून लांब होता, तो चालत आला. नंतर कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही. मला वाईट वाटलं आणि रागही आला. जो तो खोटं बोलतो म्हणून हा माणूस गावभर चिडत फिरणार आणि खरं सांगितलं की तोंड फिरवणार!

मग एक दिवस लॅबमध्ये गेज लावायला आला आणि काम करता करता पाठमोराच बोलला. ‘‘बापूस खालीच बसलेला असतो ना. माडीवर मी गातो, खाली तो जाळं शिवतो. त्याला कळाया नको होतं.’’

ते गाणं असं होतं: ‘भांगाच्या दिवसांत बाप जाळं विणतो, एकेक गाठ माझ्या नावानं मारतो.’ लहानपणी उधाणात वडील दर्यावर असायचे आणि भांगात घरी. घरी असले की ओटीवर जाळं घेऊन बसायचे आणि एक शब्द बोलायचे नाहीत. गिटार घेतल्यापासून तर अजिबात नाही. तो गप्पपणा आपल्यावरचा राग आहे, हे पोराने मनात धरलं आणि त्या रागावर अख्खा अल्बम उभा केला. साऱ्या पालघर तालुक्याचं मत विचारत फिरला, फक्त खालच्या ओटीवर जायचं टाळलं.

‘‘त्यांना ऐकवा,’’ मी म्हणाले.

‘‘इंजनाच्या आवाजानं त्याचे कान गेलेत अर्धे.’’

‘‘मग आवाज मोठा करा.’’

त्या पावसाळ्यात त्याने माडीवर बसून सगळी गाणी पुन्हा नीट केली, आवाज पुढे आणला आणि अल्बम पुन्हा टाकला. कोणाच्या लक्षातही आलं नाही. पावसाळा सरल्यावर एका रविवारी मी मासळी घ्यायला सातपाटीला गेले होते, तेव्हा त्याने मला घरी नेलं. एकट्याने ऐकवायचा धीर होत नसावा. काका, म्हणजे त्याचे वडील, ओटीवर बसले होते. जयादादाने मोठे हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले आणि स्वतः दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. या वेळी त्याने कोणाच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही, अंगणात वाळत टाकलेल्या बोंबलांकडे बघत होता.

काकांनी ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं. हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

‘‘गानं बरं हाय,’’ ते म्हणाले. ‘‘पन खोटं हाय.’’

‘‘काय खोटं?’’ जयादादाचा आवाज चढला.

‘‘गाठ मारताना तुजं नाव कशाला घेऊ? गाठीत ध्यान ठेवाया लागतं.’’ काका माझ्याकडे वळले. ‘‘बाय, उधानात दिसरात दर्यात असायचो. इंजन धडधडतंय, वारा हाय, खलाशी पार फुडच्या टोकाला, नाळेवर. वरडून वरडून गळा बसायचा. घरी आलो का बोलाया आवाजच नसायचा. पुन्ना उधानाला लागायचा म्हनून भांगात गळा राखायचो. हा म्हनतो, राग!’’

‘‘मंग सांगितलं का नाय कदी?’’

‘‘तू इचारलं का कदी?’’

जयादादा तरातरा माडीवर निघून गेला. वरून काहीतरी आपटल्याचा आवाज आला. काकांना तो ऐकू आला नसावा. त्यांनी मला विचारलं, ‘‘पापलेट घेतलं का कोलंबी?’’

नंतर बसमध्ये तो कधी हसायचा, कधी स्वतःवर चरफडायचा. ‘‘इतक्या लोकांना मत इचारलं. एकानं मत दिलं, ते पन असं का अख्खा अल्बम बुडाला.’’ आता त्याला नवीन वेड लागलं. वडिलांचा तो दर्यावरचा आवाज त्याला रेकॉर्ड करायचा होता. माइक घेऊन तो ओटीवर बसायचा. काका खाकरायचे, दोन शब्द कसेबसे बोलायचे आणि म्हणायचे, ‘‘उगाच कसा वरडू?’’ तो आवाज त्याने जन्मात ऐकला नव्हता. बोटीवर त्याला कधी नेलंच नव्हतं.

ऐकला तो एकदाच, आणि मी तिथे होते. हिवाळ्याची सकाळ होती. बंदराच्या धक्क्यावर आम्ही तिघं उभे होतो, काका काठीवर भार देऊन. खाडीच्या तोंडातून एक बोट आत येत होती. तांडेल नवखा असावा, ती वाळूच्या दांड्याकडे वळायला लागली. काकांनी काठी टाकली, छाती भरून घेतली आणि ओरडले. शब्द मला कळले नाहीत. धक्क्यावर मासळी वाटून घेणाऱ्या बायका जागच्या जागी थांबल्या. बोटीवरच्या माणसाने दचकून सुकाणू फिरवलं आणि बोट दांड्याला न लागता आत आली. जयादादा तोंड उघडं टाकून उभा होता. मोबाइल त्याच्या खिशातच होता.

‘‘बाबा,’’ तो म्हणाला, ‘‘परत वरड. एकदाच.’’

काका वाकून काठी शोधत होते. ‘‘कोनावर वरडू? बोट आली ना आत.’’

पुढच्या होळीआधी काका गेले. आमचा कारखाना बंद झाल्यावर जयादादा गुजरातेत एका कंपनीत लागला आणि आई-बायकोला घेऊन तिकडेच राहायला गेला. कधी कधी फोन येतो. अल्बमबद्दल आता तो कोणालाच काही विचारत नाही. वडिलांचा तो ओरडा गिटारवर काढायचा प्रयत्न करतो, इतकंच सांगतो. मागच्या वेळी मी विचारलं, जमला का?

‘‘नाय,’’ तो म्हणाला. ‘‘मी वाजवतो तवा कोनी वळत नाय. तो वरडला तवा बोट वळली.’’