प्रश्न उद्भवत नाही

खासदाराच्या जनसंपर्क कार्यालयात काम केलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, तेच मागे लागतात. आमगावातल्या आमच्या कार्यालयात येणाऱ्या प्रत्येकाला चहा मिळतो, खुर्ची मिळते, ‘साहेबांच्या कानावर घालतो’ हे वाक्य मिळतं. कामाचं काय झालं हे मात्र विचारायचं नाही. मी तिथं कॉम्प्युटरवर बसते. लोक बोलतात ते टाइप करते, आणि जे टाइप करता येत नाही ते डोक्यात राहतं.

आधी माझं सांगून टाकते. मी बीएस्सी दुसऱ्या वर्षाला सोडलेली पोरगी आहे. आमचं गाव हिरडाटोला, सालेकसा आणि दरेकसाच्या मध्ये, रुळाच्या कडेला. सकाळी गोंद्याला नेणारी आणि संध्याकाळी परत आणणारी एक गाडी आमच्याकडे थांबायची. लॉकडाऊननंतर गाडी परत सुरू झाली, थांबा काही परत आला नाही. माझं कॉलेज तिथं संपलं. आता धाकटी प्रज्ञा गोंद्याला नर्सिंगला आहे. जंगलातल्या रस्त्यानं पायी फाट्यापर्यंत, तिथून भरेल तेव्हा निघणाऱ्या ऑटोनं सालेकसा, मग गाडी. मीही आमगावला तशीच जाते, पण माझा पगार येतो म्हणून बाबा काही म्हणत नाहीत. बाबांची मोटरसायकल आहे. ती शेतात जाते, चौकात जाते, पानठेल्यावर जाते. सालेकस्याला जात नाही, कारण ‘पेट्रोल काय झाडाले लागते का?’

बाबांनी यंदा सांगून टाकलं होतं, दिल्लीतलं हे अधिवेशन संपेपर्यंत गाडीचं काही झालं नाही तर प्रज्ञा घरी बसणार. म्हणजे माझ्या बहिणीचं शिक्षण संसदेच्या कामकाजाला बांधलेलं. कार्यालयातली नोकरी मी काऊन सोडत नाही, असं मैत्रिणी विचारतात. त्यांना हे एवढंच उत्तर आहे.

*

एक दिवस एक गृहस्थ आले. पांढरा सदरा, खिशाला दोन पेन. गावातल्या नालीचा विषय संसदेत घ्या म्हणाले. नाली तुंबते, डास होतात, पोरं आजारी पडतात. सगळं खरं होतं.

मी म्हटलं, “काका, नालीचं काम ग्रामपंचायतीचं असते. तिथं सांगा ना.”

ते म्हणाले, “तिथं कोणाले सांगू बाई? तिथं मीच सरपंच आहो.”

हे आमच्याच हिरडाटोल्याचे सरपंच. या माणसाला मी लहानपणापासून ओळखते, म्हणून हसले नाही. आमच्याकडच्या मोठ्या माणसांची रीतच आहे. जे स्वतःच्या हातात आहे ते दिल्लीला पाठवायचं, आणि जे दिल्लीच्या हातात आहे त्याच्यावर गावात सत्कार करायचा.

*

थांब्याचा लेखी प्रश्न मीच टाइप केला. (अ) हिरडाटोल्याचा थांबा बंद आहे हे खरे आहे काय? (ब) असल्यास कारणे काय? (क) तो पुन्हा कधी सुरू होईल? साहेबांनी सही केली, प्रश्न दिल्लीत दाखल झाला. फक्त दाखल झाला, बरं का. त्याच आठवड्यात गावच्या स्टेशनाबाहेर फ्लेक्स लागला : ‘थांबा मंजूर केल्याबद्दल मा. खासदार साहेबांचे जाहीर आभार’. खाली वीस-पंचवीस फोटो. त्यातले निम्मे लोक त्या गाडीत जन्मात कधी बसले नसतील.

मी पीए काकांकडे गेले. साहेबांचे पीए, केसांना मेहंदी लावणारे, तीन खासदार पाहिलेले. मंजूर कुठं झाला, असं विचारलं.

“होईल ना. झाल्यावर लावू म्हटलं तर दुसऱ्या पार्टीचा फ्लेक्स आधी लागते.”

त्या स्टेशनात इतक्या दिवसांनी थांबलेली पहिली वस्तू म्हणजे तो फ्लेक्स.

*

मग उत्तर आलं. मी ते घरी नेऊन मोठ्यानं वाचलं. (अ) आणि (ब) : थांबे देणे ही निरंतर चालणारी प्रक्रिया असून प्रवासीसंख्या व परिचालन सुलभता विचारात घेतली जाते. (क) : प्रश्न उद्भवत नाही.

आई म्हणाली, म्हणजे काय? बाबांनी मान हलवली. सरकारी कागदाला ते नेहमी अशी मान हलवतात, जणू आतलं सगळं कळलं.

प्रज्ञा पायाला तेल लावत बसली होती. त्या दिवशी ऑटो भरलाच नव्हता, ती पूर्ण रस्ता चालत आली होती. ती म्हणाली, “उद्या सिस्टरनं विचारलं ना, उशीर काऊन झाला, तर असंच सांगतो. (अ) निरंतर चालणारी प्रक्रिया. (क) प्रश्न उद्भवत नाही.”

*

लेखी उत्तरानं पोट भरलं नाही, म्हणून शून्य प्रहराची नोटीस टाकली. सोडतीत साहेबांचं नाव निघालं. बोलायला मिळतात दोन-तीन मिनिटं, त्यानंतर माईक दुसऱ्याकडे. म्हणून मी भाषण छोटं लिहिलं. पहिलंच वाक्य थांब्याचं, दुसरं वाक्य पोरींच्या कॉलेजचं, तिसरं पुन्हा थांब्याचं. पीए काकांनी ते वाचलं आणि म्हणाले, “याच्यात वजन नाही.” मग त्यांनी वजन घातलं.

सगळं कार्यालय टीव्हीसमोर. सरपंच काका पहिल्या खुर्चीवर. साहेब उभे राहिले. आधी अध्यक्षांचे आभार, मग नेतृत्वाचे आभार, मग पावन भूमीला नमन, मग तलावांचा जिल्हा, मग आमच्या तांदळाचा वास, मग सारस पक्षी. सारस पक्ष्यावर साहेब इतके रमले की तो आयुष्यभर एकाच जोडीदाराशी राहतो हेही सांगितलं. मग म्हणाले, “महोदय, अशा या जिल्ह्यातील एक छोटेसे गाव...” आणि माईक बंद.

कार्यालयात टाळ्या. सरपंच काकांनी डोळे पुसले, म्हणाले, संसदेत आपल्या गावाचा आवाज घुमला. गावाचं नावसुद्धा आलं नव्हतं! मी पीए काकांना एवढंच म्हटलं, “काका, सारस पक्षी रेकॉर्डवर गेला. तो उडून गोंद्याला जाते. माझ्या बहिणीचं काय?”

ते म्हणाले, तुम्हा पोरांना संयम नाही. मी म्हटलं, तुमच्याजवळ आहे ना, मग आमच्या फाट्यावर ऑटोची वाट तुम्ही पाहा. त्यानंतर दोन दिवस त्यांनी मला चहा विचारला नाही. मी माझा माझा करून प्यायले, आणि दुसरी नोटीस टाइप केली.

*

घरी अधिवेशनाचे दिवस मोजणं सुरू होतं. बाबा टीव्हीवर बातम्या लावायचे आणि सभागृहात गोंधळ होऊन कामकाज तहकूब झालं की प्रज्ञाकडे बघायचे, जणू तो गोंधळ तिनंच केला.

एका रात्री जेवताना म्हणाले, पोरीच्या जातीनं इतकं फिरून तरी काय करायचं. मी ताट बाजूला सारलं. म्हटलं, “बाबा, तुम्ही दर वर्षी जयंतीच्या मिरवणुकीत पुढं राहून ‘शिका’ म्हणून ओरडता. ते कोणाच्या पोरींसाठी ओरडून राहिले?”

आईनं मला गप्प बसायला सांगितलं. बाबांनी भात संपवला, हात धुतले, टीव्ही मोठा केला. प्रज्ञाला घरी बसवायची तारीख मात्र बदलली नाही.

*

आता सत्काराचा किस्सा.

संसदेत आवाज घुमल्याबद्दल साहेबांचा हिरडाटोल्याच्या प्लॅटफॉर्मवर जाहीर सत्कार करायचा, हे सरपंच काकांनी ठरवलं. साहेब शनिवारी मतदारसंघात येणार होते. पीए काकांनी मोटारींचा ताफा सांगितला. मी म्हटलं, काका, सत्कार थांब्याचा आहे ना, मग साहेबांनी त्याच गाडीनं यायला पाहिजे. दारात उभं राहून हात जोडलेले, खाली बँड, मागं हिरडाटोल्याची पाटी. फोटो कसा येईल!

फोटो म्हटल्यावर पीए काकांना पटलं.

आता गंमत बघा. सरपंच काकांना वाटलं, फ्लेक्सवर मंजूर लिहिलं आहे म्हणजे गाडी थांबते. पीए काकांना वाटलं, खासदार आत आहेत म्हणजे गाडी थांबते. साहेबांना वाटलं, दोघांनी विचारून ठेवलं असेल. मला कोणी विचारलं नाही. पोरीला काय विचारायचं? मीही सांगितलं नाही.

संध्याकाळी साहेब आमगावला गाडीत चढले. त्याच डब्यात प्रज्ञा, कॉलेजच्या पांढऱ्या ड्रेसमध्ये. हे पुढचं तिनं सांगितलेलं. साहेबांनी तिला ओळखलं, अरे तू आपल्या ऑफिसातल्या मुलीची बहीण ना, म्हणून शेजारी बसवलं, अभ्यासाचं विचारलं. सालेकसा आलं तशी ती बॅग घेऊन उठली.

साहेब म्हणाले, “इथं कुठं उतरतेस? तुझं गाव पुढे आहे ना?”

“साहेब, ही गाडी आमच्या गावी थांबत नाही.”

साहेब मोठ्यानं हसले. “अगं बस. आज थांबते.”

“तुम्ही बसा जी,” ती म्हणाली, आणि उतरली.

इकडे प्लॅटफॉर्मवर सगळं गाव, पीए काका आणि मी. बँडवाले, हार, शाल, नारळ, शाळेची पोरं झेंडे घेऊन. बाबासुद्धा आले होते, मोटरसायकल स्टेशनाबाहेर लावून. लांबून हॉर्न आला, बँड सुरू झाला. सरपंच काका हार दोन्ही हातांत धरून अगदी पुढं.

गाडीनं वेगसुद्धा कमी केला नाही. दारात साहेब हात जोडून उभे होते. त्यांचं हसू आधी आलं, मग गेलं. सरपंच काका हार घेऊन प्लॅटफॉर्म संपेपर्यंत पळाले. बँडवाल्यांना थांबायला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून ते वाजवत राहिले. गाडी दरेकस्याच्या बोगद्याकडे वळली आणि दिसेनाशी झाली.

थोड्या वेळानं पीए काकांचा फोन वाजला. साहेब डोंगरगडला उतरले होते. मतदारसंघाबाहेर, जिल्ह्याबाहेर, राज्याबाहेर. काकांनी फोन माझ्या हातात कोंबला.

“मी आता तिकडे येऊ कसा?” साहेबांनी विचारलं.

“पोरी येतात तसं, साहेब.”

 मग त्यांनी फक्त विचारलं, ती मुलगी पोहोचली का? मी वळून पाहिलं. प्रज्ञा तेव्हाच फाट्यावरून चालत स्टेशनात शिरत होती.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या नोटिशीलाही सोडतीत साहेबांचं नाव निघालं. त्या दिवशी मी मुद्दाम घरी थांबले आणि बाबांच्या शेजारी बसून टीव्ही पाहिला. साहेब उभे राहिले. आभार नाही, पावन भूमी नाही, तांदूळ नाही, सारस नाही. हातात कागद नव्हता.

“अध्यक्ष महोदय, मैं ख़ुद उस गाड़ी में था।”

सभागृहात कोणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. गावाचं नाव त्यांनी तीनदा घेतलं, आणि वेळ संपायच्या आधी खाली बसले.

बाबांनी टीव्ही बंद केला.  मग उठले, खुंटीवरची मोटरसायकलची चावी काढून खिशात घातली आणि प्रज्ञाला विचारलं,

“सालेकस्यावरून सकाळची गाडी किती वाजता आहे तुझी?”