खोडलेला शब्द

बाबा मंगळवारी सकाळी वारले. दुपारी पोस्टमनने त्यांच्या नावाचं पत्र दिलं. मी सही केली.

पत्रात त्यांचा अर्ज परत आला होता. अर्नाळ्याला आमच्या घरापुढची मासळी सुकवायची जागा समुद्राने दर पावसाळ्यात थोडी थोडी करून नेली. बाहेरच्या देशांच्या निधीतून किनाऱ्यासाठी योजना आली, तेव्हा मी बाबांचा अर्ज भरून दिला. त्यावर छापलेला 'मदत' हा शब्द त्यांनी पेनाने खोडला आणि वर 'भरपाई' लिहिलं. असा प्रकार योजनेत नाही, म्हणून अर्ज परत.

मला हे आधीच ठाऊक होतं, याचाच जास्त संताप येतो. हवामान परिषदांचे कागद मराठीत आणणं हे माझं पोटापाण्याचं काम. विरारच्या फ्लॅटमध्ये बसून ते करते. एकदा मीही 'भरपाई' लिहिलं होतं. माझं भाषांतर तपासणाऱ्या बाईंनी फोन करून समजावलं: श्रीमंत देश पैसे देतीलही, पण भरपाई म्हटलं की समुद्र वाढल्याचा दोष त्यांच्यावर आला. शेकडो शहाणी माणसं दोन-दोन आठवडे एका शब्दाभोवती बसतात आणि तो टळला की टाळ्या वाजवतात.

अर्ज जाण्याआधी हेच मी बाबांना सांगायला गेले होते. ते ओट्यावर जाळं सांधत बसले होते.

"बाय, कोनाच्या बोटीनं माजं जालं फाडलं, तर तो मना मदत करतो का भरपाई देतो?"

"भरपाई. पण अर्जात ते चालत नाही, बाबा."

"का नाय चालत? ते कागद तूच लिवतेस ना?"

"मी फक्त भाषांतर करते."

"म्हंजे फाडनाऱ्याची वकील!" ते हसले. मला हसू आलं नाही. "मग करा तुम्हाला हवं ते," मी म्हणाले. त्यांनी केलं.

आमच्याकडे रीत आहे. ज्याच्या बोटीने जाळं फाटलं त्याने किनाऱ्यावर येऊन चारचौघांत तसं म्हणायचं. पैशाचं बोलणं त्यानंतर. बाबांना पैशाची घाई नव्हतीच. आई जन्मभर त्या जागेवर बोंबील वाळवत आली. ती जागा होती आणि कोणामुळे तरी गेली, एवढं कोणीतरी कबूल करावं, इतकंच त्यांना हवं होतं. हे मला समजायला पत्र यावं लागलं, आणि तेही कोणत्या दिवशी!

महिन्याने कार्यालयात गेले. कारकून सज्जन होते. "वारस म्हणून नवा अर्ज करा, ताई. फक्त 'मदत' राहू द्या."

मी तिथेच बाकावर बसून अर्ज भरला. 'मदत' खोडलं आणि 'भरपाई' लिहिलं. त्यांनी कपाळाला हात लावला, पण शिक्का मारला.

हाही अर्ज परत येईल. घर आणि पाणी यांच्यामध्ये आता चार पावलं वाळू उरली आहे.