व्हरांड्यातलं नामकरण

भाड्याची खोली बघायला गेली की शेवंताबाई खोलीकडे बघतच नसे. दारातच बसायची, पाणी मागायची आणि घरमालकाची चौकशी सुरू करायची. "राग लवकर येते का तुमाले? बायकोसंग कसे वागता?" मालक गडबडून जाई. बाहेर आल्यावर ती मला समजावी, "मॅडम, खोली कशीबी चालते. मालक पाहून घ्या लागते."

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन काही वर्षं झाली होती. साकोलीच्या पुढे एका छोट्या गावात आम्ही शेजारणी होतो. गावाचं नाव सांगत नाही. तिथले पुढारी अजून शाबूत आहेत. मी शाळेत नवी शिक्षिका, ती राइस मिलमध्ये धान वाळवणारी. पत्र्याच्या खोल्यांची ओळ, त्यातल्या एका खोलीत ती, मुलगा आणि सून. सुनेला मुलगी झाली आणि त्याच महिन्यात मालकानं साऱ्या ओळीला सांगितलं, खोल्या रिकाम्या करा, दुकानं काढायची आहेत. सरकारी घरकुलाला स्वतःची जागा लागते. ती आमच्यापैकी कुणाकडेच नव्हती.

बाजाराच्या मागे मात्र गरीब भाडेकरूंसाठी सरकारनं बांधलेली दुमजली इमारत उभी होती. उद्घाटनाला मनाजोगता पुढारी मिळेना, म्हणून कुलपात. व्हरांड्यात बकऱ्या राहत. "बकऱ्यायले भेटली, मंग आमाले काहून नाही?" शेवंताबाई म्हणाली.

एका सकाळी ती मला घेऊन त्या इमारतीच्या चाव्या सांभाळणाऱ्या साहेबांच्या कचेरीत गेली.

"साहेब, नातीचं नाव ठेवून राहिलो. रविवारी जेवाले या."

"कुठं?"

"तुमच्याच घरी. बाजाराच्या मागं."

साहेबांना गंमत वाटली असावी. रविवारी ते आले, तर व्हरांडा धुतलेला, टेबलावर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, आणि आमची सगळी ओळ पंगतीला बसलेली. दारांना कुलपं तशीच. वंदना झाल्यावर तिनं बाळ साहेबांच्या मांडीवर दिलं आणि नाव त्यांच्याच तोंडून पुकारायला लावलं. टाळ्या वाजल्या.

"झालं उद्घाटन," ती शांतपणे म्हणाली. "पुढाऱ्याले सांगा, उशीर केला तुमी."

साहेब गोरेमोरे झाले. "बाई, हे नियमात बसत नाही."

"बसत नसन तं उभं राहू द्या, साहेब. थोड्या वेळानं बसन. तुमी बुंदी घ्या."

त्यानंतर साहेब बाजारात दिसले की ती नातीला पुढे करायची. "पोरगी विचारून राहिली, चाबी कवा येते?" साहेब रस्ता बदलू लागले, तीही बदलू लागली. थंडीत एकदाची कुलपं निघाली. चौकात चिठ्ठ्या टाकल्या गेल्या आणि तिला खालची खोली लागली. नवा मालक कसा आहे, असं मी विचारलं.

"लय चांगला. सरकार आहे ना, तोंडच दाखवत नाही. छत गळलं तरी नाही."

पुढे माझी बदली झाली. ती गेल्याचं कळलं तेव्हा मी तिच्या त्या खोलीवर पोहोचले. सून हळूच सासऱ्यांबद्दल म्हणाली, "मामाजी वारले तवा भाड्याच्या खोलीत होतो. मालकानं घरात ठेवू नाही देलं. पाव्हणे येईपर्यंत रस्त्यावर, लिंबाखाली ठेवलं त्यायले. आत्याबाई कोणाले सांगत नव्हत्या."

चिखल्याहून तिचा भाऊ यायचा होता. शेवंताबाई दुपारभर घरातच होती, पंख्याखाली. बायका तिच्या करामती सांगत होत्या, मध्येच हसत होत्या, पुन्हा डोळे पुसत होत्या. घाई करा, असं कुणीही म्हणालं नाही.