परीक्षकाची पसंती

“बक्षीस त्यांचं, पसंती आपली,” असं तो उठता-बसता म्हणायचा. दुकान दाढी-कटिंगचं, पण गल्ली त्याला परीक्षक म्हणायची. दरवर्षी सिनेमांच्या बक्षीस समारंभाच्या दिवशी, गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावता लावता तो आपल्या आवडीची नावं सांगायचा. वाद कोण घालणार? गळ्यावर वस्तरा असायचा. त्याची पसंती आणि बक्षीस यांची गाठ क्वचितच पडे. त्याला त्याचं सोयरसुतक नसे.

यंदा गोष्ट वेगळी होती. संकलनाच्या बक्षिसासाठी निवडलेल्या सिनेमांत एक त्याच्या लेकीचा होता. चित्रित केलेले तुकडे कापायचे, जोडायचे, हे तिचं काम. आज ती बापाला समारंभाला न्यायला आली होती. गाडी दारात उभी, नवा कोट खुंटीला, आणि तो कोट शिवणारा टेलरमास्तर खुर्चीत. लेक बाकावर टेकली. बक्षीस मिळो न मिळो, तिला बापाच्या तोंडून आपल्या सिनेमाचं नाव ऐकायचं होतं. सिनेमा लागल्यापासून तो त्याबद्दल चकार शब्द बोलला नव्हता.

“नायिकांमध्ये ती दीपगृहवाली,” परीक्षकानं सुरुवात केली. “संगीत त्या चोरांच्या सिनेमाचं.”

वस्तरा हनुवटीखाली आला.

“आणि संकलन?” मास्तरनं आरशातून विचारलं. “लेकीसमोर लाजता काय?”

वस्तरा थांबला. मास्तरनं आवंढासुद्धा गिळला नाही.

“संकलनही त्या चोरांच्याच सिनेमाचं.”

बापासाठी आणलेला समारंभाचा पास लेकीनं मुठीत आवळला.

“मास्तर, मान हलवू नका.”

“मी कुठं हलवतोय? दुकानच हललं.”

लेक हसली नाही. “माझ्यात काय कमी पडलं, बाबा?”

“पुलावर ती म्हातारी मागे वळते, तिथं सिनेमा संपला होता. तू तरीही तिच्या चेहऱ्यावर थांबून राहिलीस. लोक आपसूक रडत होते, तू त्यांना रडवायला गेलीस.”

“तेवढं थांबणं मी भांडून ठेवलंय. दिग्दर्शक काढ म्हणत होता. मला आजही ते बरोबर वाटतं.”

“वाटू दे.”

“आजच्या दिवस खोटं बोलला असतात, तर आभाळ कोसळलं असतं?”

“मग पुढच्या वर्षी खरं बोललो असतो, तेही तुला खोटंच वाटलं असतं.”

ती उठली. बापाचा पास तिच्या मुठीत चुरगळत चालला होता. “आणि माझ्या शेजारी बसून कुणासाठी देव पाण्यात घालणार?”

“तुझ्यासाठी,” तो लगेच म्हणाला. “बक्षीस त्यांचं आहे ना? ते तुलाच मिळावं. पसंती तेवढी मागू नकोस, पोरी.”

त्यानं मास्तरचा गळा पुसला. वस्तरा धुऊन ठेवला.

“कितीदा बघितलात?” तिनं हळू आवाजात विचारलं.

“मोजलं नाही. दर खेपेला वाटायचं, माझीच नजर चुकली असेल. शेवटी तिकीटवाल्यानं विचारलं, यात तुमचं कोण आहे?”

“काय सांगितलंत?”

“म्हटलं, कात्री आमची आहे.”

ती पासकडे बघत राहिली. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तिनं पास आरशापुढच्या फळीवर ठेवला, तळहातानं घासून सरळ केला आणि बापापुढं धरला.

“पुलावरचं बरोबर माझंच आहे.”

“असू दे की.”

त्यानं कोट चढवला. गुंडी कशीबशी लावून तो पायऱ्या उतरला आणि गाडीकडे चालू लागला. दारातून लेक बघत होती, तिच्यामागे खांद्यावरचा टॉवेल न काढताच मास्तर.

“कोटाचा खांदा झकास बसलाय,” मास्तर म्हणाला.

“डावा उतरलाय, मास्तर,” लेक म्हणाली.