मावसाजींचं एकच क्रियापद

इंग्रजीवर जेवढं प्रेम माझ्या मावसाजींनी केलं तेवढं प्रत्यक्ष साहेबानेही केलं नसेल. फरक एवढाच, की साहेबाला इंग्रजी येत होतं.

गांधीबागेतल्या दुकानात दिवसभर कापडाचे तागे उलगडायचे, हा त्यांचा धंदा. आणि 'गेट' या एका इंग्रजी क्रियापदाचे जितके म्हणून उपयोग असतील तितके गोळा करायचे, हा ध्यास. उठणं, उतरणं, भिजणं, हरवणं, लग्न होणं, आजारी पडणं, बरं होणं, सगळीकडे साहेब हेच एक वापरतो याचा त्यांना भारी अचंबा. "आपल्यात दळाले एक, कांडाले एक, पानी भराले एक," ते म्हणत, "त्यांच्यात हा एकटाच घरगडी राबून राहिला गा!" नियम असा, की उपयोग पुस्तकातून उचलायचा नाही, जिवंत माणसाच्या तोंडून ऐकलेला हवा. ऐकला की ताग्यावरच्या लेबलाच्या पाठीमागे वाक्य, बोलणाऱ्याचं नाव आणि ठिकाण लिहायचं. एकदा बसमध्ये दोन नर्सबाया इंग्रजीत भांडत होत्या. भांडण पुरतं ऐकावं म्हणून हे हुडकेश्वरला घरी उतरायचं सोडून थेट भिवापूरपर्यंत गेले आणि तीन भरलेली लेबलं घेऊन परतले. भिवापूरला जाऊन मिरच्या न आणणारा माणूस मावशीने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला.

तिचं अपेंडिक्स फुटलं तेव्हा मी नुकताच सरकारी कचेरीत चिकटलो होतो. माझं इंग्रजी रजेच्या अर्जापलीकडे कधी गेलं नव्हतं, तरी घरातला जाणकार मीच, म्हणून मला दवाखान्यात सोबत नेलं. डॉक्टरीणबाई केरळकडच्या. मावशीच्या पोटाला हात लावताच त्यांचा चेहरा बदलला आणि त्या नर्सला भराभरा इंग्रजीत काही सांगू लागल्या. त्यात दोनदा 'गेट' आलं. मावसाजींचा हात सवयीने खिशातल्या लेबलाकडे गेला.

स्ट्रेचरवरून मावशी ओरडली, "आवो, मी इथं मरून राहिली अन् तुम्ही लिहून राहिले!"

हात खिशातच राहिला. ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद झालं.

तास-दीड तास लागेल म्हणाले होते. तीन तास उलटले. एक नर्स धावत बाहेर आली, रक्ताची बाटली घेऊन तशीच आत गेली. आमच्याशी कोणी बोलेना. शेजारच्या बाकावर एक सुटाबुटातले गृहस्थ फर्डं इंग्रजी झाडत होते, वाक्यागणिक 'गेट'. तेवढंच मन रमेल म्हणून मी मावसाजींना कोपराने टोचून खुणावलं. ते दाराकडे बघत होते. "काहून ढोसून राहिला गा?" एवढंच म्हणाले.

शेवटी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तोंडावरचं फडकं खाली ओढून एक लांबलचक वाक्य बोलल्या. मला त्यातलं 'सेप्टिक' तेवढं कळलं, आणि घरच्या जाणकाराने मान डोलावली. शेकडो लेबलांचे धनी मात्र हात जोडून उभे राहिले.

"बाई, वाचली नं माही बायको?"

बाई मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "बच गया. लेकिन बहुत देर किया आप लोग."



दुसऱ्या दिवशी मावशी शुद्धीवर आली. "डाक्टरीन काय म्हणली? लिहून घेतलं असन तुम्ही."

"नाही."

"नाही? तुमचं ते गेटगिट म्हणलीच नाही?"

"म्हणली असन. माहं ध्यान नव्हतं."

मावशी बारीक आवाजात म्हणाली, "आवो, मी एवढी सीरियस होती काय?"

मावसाजी तिच्या अंगावरची चादर सारखी करू लागले. मी चहा आणायच्या निमित्ताने बाहेर सटकलो.

त्यानंतर मावशीने त्यांच्या लेबलांवरून कधी तोंड वाजवलं नाही. उलट रविवारी शेजारच्या ख्रिस्ती मास्तरीणबाईंना चहाला बोलवायची आणि म्हणायची, "बोला नं बाई काही इंग्रजीत, आज हे घरीच हायेत." मावसाजी गेल्यानंतरही बाई रविवारी येत राहिल्या. मावशी चहा ठेवायची, पदराने हात पुसत समोर बसायची, आणि एक अक्षर कळत नसताना त्यांचं इंग्रजी शेवटपर्यंत ऐकायची.